डावी बाजू

हाजी मक्की म्हणाला, ऊद लांब गेलाय.
मिरवास इथं आहे, टाळ्या इथं आहेत,
ऊद मात्र शेजारच्या घरात वाजतोय कुणाच्या तरी.
डावीकडचा स्पीकर खलास.

सलमाबादमध्ये दुपारचे दोन.
शटर अर्धं खाली, पंखा गरम हवाच ढवळतोय.
पांढरी जुनी कॅमरी, सीटवर लाकडी मण्यांचं आसन.
तीस वर्षं टॅक्सी चालवली, तो सांगत होता,
मनामा, मुहर्रक, विमानतळ,
डावी काच खाली, कोपर बाहेर.

मी बॅलन्स पुरता डावीकडे फिरवला.
ऊद होता की! बोटाचं नख तारेवर घासलेलंही ऐकू येत होतं.
पण गिऱ्हाईक म्हणतंय म्हणजे उघडायचं.
तीन स्क्रू, सहा क्लिपा, त्यातली एक नेहमीसारखी मोडली.
दाराच्या पोटात पिठासारखी बारीक वाळू,
शंभर फिल्सचं नाणं, अर्धी टूथपिक.
मीटर लावला : तीन पूर्णांक आठ.
उजवीकडे लावला : तीन पूर्णांक आठ.
पेन्सिल सेल टेकवला,
टक्! कागदी पडदा बेडकाच्या गळ्यासारखा हलला.
बिजागरीपाशी रबरी नळीत तार तुटते बहुतेक वेळा,
ती सोलून पाहिली. शाबूत.

इचलकरंजीत मला हे काम शिकवणारे इरगोंडा मास्तर,
लग्नाचे कर्णे भाड्यानं देणारे,
म्हणायचे, दोन्ही स्पीकर एकमेकांच्या जागी लाव.
दुखणं त्याच्याबरोबर गेलं तर स्पीकर,
जागेवर राहिलं तर तार.
मोफिजुलनं टॉर्च धरली, मी अदलाबदल केली.
दुखणं जागेवरच.
मग अँपजवळ तारा उलट्या केल्या.
हाजी खूश! ऊद आला!
आणि लगेच कपाळावर आठी : मिरवास कुठं गेला?

मास्तरांनी तिसरं काही सांगितलं नव्हतं.

मी काहीतरी विचारलं,
त्यानं उत्तर द्यायच्या आधी मान वळवली,
उजवा गाल माझ्याकडे.
ही मान मी ओळखतो.
आमच्याकडे रात्रपाळी संपवून मागावरून येणारी माणसं
चहाच्या गाड्यावर अशीच वळवून ऐकतात,
माझा बापही. हाक मारायची तर आम्ही खांद्याला हात लावायचो.

तारा पूर्ववत केल्या.
म्हटलं, हाजी, जरा उलटे बसा.
तो बसला. सत्तरीचा माणूस,
पांढरा थोब सावरत सीटवर गुडघे टेकून,
मागच्या काचेकडे तोंड, लहान पोरासारखा.
ऊद आला.
मिरवास गेला.

बराच वेळ तो तसाच गुडघ्यांवर.
मग डाव्या कानाला बोट लावून म्हणाला, उदुन.
मला वाटलं, पुन्हा ऊदच म्हणतोय.
चौदा वर्षांत मी शिकलेलं अरबी
तार, बॅटरी, उद्या, पैसे, एवढंच.
हा शब्द कधी लागलाच नव्हता.

स्पीकरला आता काहीच करायचं नव्हतं.
तरी दोन रेझिस्टर घेतले,
डावं उजवं एकत्र डागलं,
दोन्ही दारांतून सगळंच येईल असं.
कलईचा धूर डोळ्यांत गेला.
तो सरळ बसला, ऐकलं,
आणि स्वतःच आवाज दोन घरं कमी केला.

बिलावर काय लिहू? वायरिंग, लिहिलं.
क्लिपचे पैसे लावले नाहीत.

गाडी फाटकाशी पोचली तेव्हा
मोफिजुल डावीकडून धावला, चष्मा हलवत,
हाजी! ओ हाजी!
ब्रेकचे दिवे लागले, विझले,
गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

चष्मा मीटरच्या खिळ्याला अडकवलाय.
गुरुवारपर्यंत तरी आला नव्हता.