एकास बारा

खोक्यावर लिहिलंय : भाग एक हजार एकशे बेचाळीस.
आत पांढऱ्या मिश्रधातूचं इंजिन, रेझिनची बॉडी,
पितळेच्या पत्र्यात कोरलेल्या जाळ्या,
चार रबरी टायर, पाचवा स्टेपनीचा,
सीटसाठी तळहाताएवढं खरं चामडं,
आणि सूचना, मला न येणाऱ्या भाषेत.
हरकत नाही.
डॉक्टरांचं अक्षर एकतीस वर्षं वाचतेय मी.

नारायण पेठेत, जिन्याखालच्या लॅबमध्ये
मी दात करते.
प्लास्टरचे जबडे येतात पिशवीतून, वर चिठ्ठी :
पाळंदे, वरची उजवी दाढ, छटा ए-टू, शुक्रवारी हवी.
माणूस कधी येत नाही.
बसस्टॉपवर कुणी हसलं मोकळेपणी
तर मी आधी हिरडीची कड बघते,
मग चेहरा.

साडेआठला शटर अर्धं ओढते.
त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली,
दातांची भुकटी फुंकून टाकून
गाडी मांडते.

प्रत्येकाची जात वेगळी, चिकटायची अट वेगळी.
रेझिनला आधी साबणाची आंघोळ
(आज गुरुवार, पाणी बंद, बादलीतलं वापरलं).
मिश्रधातूला डाग द्यावा तर
जरा जास्त उष्णता, आणि सायलेन्सरचा थेंब होतो.
सुपरग्लू काचेजवळ नेला की काचेला मोतीबिंदू.
पितळ रंग धरतच नाही,
मध्ये एक मळकट थर द्यावा लागतो.
हे मला कुणी शिकवायला नको.
धातूवर पोर्सेलीनही तसंच बसतं,
आधी तो थर, ज्याचं कौतुक
आजवर एकाही आरशाने केलेलं नाही.

निहार, माझा भाचा, म्हणाला,
"मावशी, तयार मिळते की! दरवाजेसुद्धा उघडतात."
मी म्हटलं, तयार दातही मिळतात.
तो गप्प. मग म्हणाला, "स्टिअरिंग फिरतं का?"
फिरवून दाखवलं.
पुढची चाकं वळली, दोन्ही, सारखी नाही,
आतलं थोडं जास्त,
जसं वळायला हवं तसं.
मग मात्र त्याने मोबाइल खाली ठेवला.

भाग सहाशे अकरा : हँडब्रेकची क्लिप.
चिमट्यातून उडाली.
टिंग, एवढंच ऐकलं.
टॉर्च फरशीला टेकवून आडवी झाले,
साडीचा पदर झटकला, केरसुणीचे हीर चाळले,
पाळंद्यांच्या पेशंटच्या जबड्यातही पाहिलं.
नाही.

बोहरी आळीत मुर्तझाभाई विचारतात,
"बाई, वीतभर तार? कशाला?"
गाडीच्या ब्रेकला.
"कोणती गाडी?"
अजून चाकं बसायची आहेत तिची.
त्यांनी पैसे घेतले नाहीत. तार जाड निघाली.

शेवटी कवळीच्या आकड्याची तार घेतली,
शेजारचा दात धरून ठेवते ती.
दोनदा वाकवली, तिसऱ्यांदा बसली.
म्हणजे आता एकोणीसशे सदतीस सालच्या
शर्यतीच्या गाडीचा हँडब्रेक
आणि भोरच्या कुणा आजोबांचं जेवण
एकाच रिळावरचं.

सात महिने.
गिअरबॉक्समधली चाकं मी तेलकट करडी रंगवली,
झाकण लागलं, गेली.
लागू दे.

आज बॉनेट.
मिटत नाही. केसभर, डावीकडे.
कानस हातात घेतली, पुन्हा ठेवली.
कुठे घासायचं?
मग ड्रॉवरमधून निळा कागद काढला,
चाव बघायचा, डॉक्टर दातांमध्ये धरतात तो.
फटीत सरकवला, बॉनेट हलकेच दाबलं, उचललं.
बिजागरीपाशी
मोहरीएवढा निळा ठिपका.

बर लावून तेवढंच घासलं.
परत कागद. परत दाबलं.
ठिपका फिका.
अजून एकदा.
टक्.

एकतीस वर्षांत जे विचारायला
माझ्यासमोर कुणी बसलंच नाही,
ते अर्ध्या शटरच्या आत, हळूच विचारलं :
चावून बघा.
कुठे उंच लागतंय का?