अठ्ठावीस पौंड

मुलुंडला, जिन्याखालच्या माझ्या टपरीत
हर्षिणी तांडेल पहिल्यांदा आली तेव्हा
भावाची रॅकेट होती, मुठीला सायकलची टेप.
कितीवर ताणू, विचारलं तर म्हणाली,
"तुटणार नाही एवढी."

मग वीस झाले, बावीस, चोवीस.
मनगट भरत गेलं, बोलणं कमी.
एकदा फक्त पासपोर्ट दाखवायला आली,
फोटोत कान दिसावेत म्हणून
केस करकचून मागे ओढलेले.

आता तिचं गटिंग कंपनीचा माणूस करतो.

बुधवारी रात्री दीडला
डेन्मार्कमधला सामना मोबाइलवर पाहिला,
आवाज बंद, बायको झोपलेली.
तिसरा गेम, एकोणीस-वीस.
शटल नेटच्या पट्टीवर क्षणभर बसलं
आणि तिच्याच बाजूला पडलं;
सुटलेलं एक पीस त्याच्यानंतर, सावकाश.

रडली नाही.
खुर्चीत बसून नखानं तारा सरळ करत राहिली,
मधली तिसरी आधी,
मी करतो तशी.

रविवारी आली.
बॅगेत सहा रॅकेटी, त्यातली एकच
काढून माझ्यापुढे ठेवली.
"अठ्ठावीस."
म्हटलं, तुटेल गं.
"तुटली तर तुटली, काका."