हिरवी टिकली

एप्रिलचा शनिवार, ग्रेट बेंड, कॅन्सस.
वारा सकाळपासून एकाच बाजूने बोलतोय.
गवतावर ताडपत्री, ताडपत्रीवर अठ्ठावीस पोल,
आणि मी गुडघ्यांवर, चष्मा कपाळावर चढवून
एकेकाला फिरवून बघतेय
जसा बाजारात दुधी बघतात, नख लावून.

वरच्या पकडीशी एक इंचाचा पट्टा हवा, सगळीकडून गोल.
त्याच्या वर आकडा, पाऊण इंचाहून लहान नको,
रंग लांबून उठून दिसेल असा.
पट्ट्याच्या वर हात नाही.
आकड्याहून जड माणूस नाही.
एवढंच. वाचायला दोन मिनिटं लागतात.

(पाऊण मी मनात मराठीतच म्हणते.
इथे त्याला तीन आणि चार, दोघे लागतात.)

आमच्या शाळेत हिला बांबूउडी म्हणायचे.
बांबू बुरूडआळीतून यायचा, हिरवट, गाठींचा.
तुला किती झेपेल, असं त्याला कुणी विचारलं नाही.
मोडला की कळायचं.

बाबा परभणीला वजनमापे निरीक्षक.
खांद्याच्या पिशवीत हातोडी, पंच, शिशाचे तुकडे.
गुळाच्या दुकानात किलोचं वजन उलटं करायचे,
बुडातलं शिसं नखाने टोकरून बघायचे,
मग त्या वर्षाचा शिक्का.
टक्.
एकाही दुकानात चहा घेतला नाही.
आई म्हणायची, मापात पाप शोधून शोधून
यांना घरचाही चहा गोड लागेना.

मी ठोकत नाही काही. मी टिकली लावते,
कागदी, हिरवी, पट्ट्याच्या जरा खाली.

एकोणिसाव्या पोलला पट्ट्यावरून चिकटपट्टी गुंडाळलेली,
तिच्यावर जाड मार्करने १३५.
पाचाचं पोट घाईत काढलेलं.
सोलली.
खाली कंपनीचा आकडा, घामाने आणि खडूने खाल्लेला:
एक, तीन, आणि मग
शून्य असेल, पाच असेल.
ड्रायलिंग सर वाकले. तेवढ्यात टोपी उडाली,
ती आणायला त्यांनी बराच वेळ घेतला.
जुना घेतला होता, असाच आला, म्हणाले.
खरंही असेल.
मी मान डोलावली. टिकली लावली नाही.

पोल कोरा उनरूचा.
मराठीत तुझ्या नावाचा अर्थ काय होतो,
हे मी तिला सांगितलं नाही, आज तर नाहीच.

माझ्या हातातल्या यादीत नाव, शाळा, वजन, कोचची सही.
वजनाच्या रकान्यावर मी तळहात ठेवते, नेहमीच.
पोलने आपला आकडा मानेवर मिरवावा,
सोळा वर्षांच्या पोरीने कशाला?
ती माझ्या तळहाताकडे बघत होती.
"माझं जास्त झालं का?"
"नाही गं. याचं वाचता येत नाही."

लार्नेडच्या शाळेने पोल उसना दिला.
टिकलीचा, ताठ, दुसऱ्या कुणाचा तरी.
तो तिच्यासाठी वाकेना.
दोनदा ती दांडीखालूनच पळत गेली.
तिसऱ्यांदा वर चढली, तिथे क्षणभर थांबली
आणि जिथून उडाली होती तिथेच परत आली, पायांवर.
दांडी हललीसुद्धा नाही.
लार्नेडची मुलगी आपला पोल पुसत राहिली.

संध्याकाळी सर गाडीच्या टपावर पोल बांधत होते,
टोकांना लाल फडकी.
बिनटिकलीचा बाजूला, कुंपणाला टेकवलेला.
कोरा त्याच्यापाशी उभी, नखाने
तो तिसरा आकडा खरवडत.
मी जवळून जाताना विचारलंन,
"शून्य की पाच?"

मी चष्मा खाली ओढला.
ऊन तिरकं होतं, डोळ्यांवर.
तळहातात अजून यादी, घडी घातलेली,
आणि तिच्या नावापुढचा आकडा मला पाठ.

"शून्य," मी म्हटलं.
ती म्हणाली, "बरं मग," आणि खांदे सैल सोडले.

नीट दिसलं नव्हतं, बाबा.