संबंध : इतर

ज्वारीची मुळं आधी पोटॅशमध्ये उकळायची,
पार फटफटीत होईस्तोवर.
मग शाई आणि व्हिनेगर, पाच मिनिटं.
मुळात शिरलेल्या बहुतेक बुरशा
शाई पाजल्याशिवाय तोंड दाखवत नाहीत.

हिला शाई लागत नाही.
भिंगाखाली मूळ काचेसारखं आरपार,
आणि त्यातून निघालेला एक काळपट तपकिरी धागा.
थोडं अंतर, आडवी भिंत.
थोडं अंतर, आडवी भिंत.
कुणी बुडवली नाही हिला कशात,
रंगूनच आलेली.

नायनाचे हात असे होते.
साखर पेठेतल्या रंगखान्यात सत्तावीस वर्षं
सुताच्या लडी काळ्यात बुडवल्या त्याने.
माझ्या हळदीला गालाला बोट लावलं
तर बायका म्हणाल्या, हळद नासली की हो.
तो गेला तेव्हा आंघोळ घालताना
आईने साबण दोनदा लावला,
मग ठेवून दिला.

नीलव्वा पुजारी मंगळवेढ्याहून आली
ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात धसकटं घेऊन.
ढेकळं तशीच चिकटलेली, दगडासारखी.
म्हणाली, अख्खं रान करपलं, मालदांडीच होती सगळी,
भेगांत माझा हात कोपरापर्यंत जात होता,
पण बोरीच्या अंगाला ही एवढी पट्टी
उभी राहिली बघा बाई, हिरवीगार.
न बोलवता कोण जेवून गेलं तिथं?

मी भिंग तिच्या डोळ्याला लावून दिलं.
बराच वेळ बघितलं तिने. दुसरा डोळा हाताने झाकून.
“ही खाती का खाऊ घालती?”

मला काय माहीत.
मुळाच्या पेशीत बसते, पेशी मरत नाही.
मातीतलं कुजकं खाते, त्यातलं थोडं झाडाला पोचतं,
असं मॅडम म्हणतात, आणि पुढे ‘बहुधा’ म्हणतात.
पाणी तुटलं की तो काळा रंग कामी येत असावा.
असावा.
अशीच दुसरी एक काळी आहे, तिला तूही ओळखतेस नीलव्वा,
ताट आतून कोळशाच्या भुकटीने भरते
आणि भर दाण्यात पीक आडवं करते. खडखड्या.
ती ही नव्हे.
पण ही तरी कायम हीच राहील
असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

“मग तुझ्याच्यानं तरी काय होतंय,” म्हणाली,
आणि डबा रिकामा करून मागितला. डबा तिच्या सुनेचा.

पाचच्या आत फॉर्म भरायचा असतो.
नमुना क्रमांक. गाव. पीक.
वनस्पतीशी संबंध : उपकारक / अपायकारक / इतर.

आमच्या घरात मागच्या खोलीत शंकरप्पा राहतो.
नायनाने आणला होता, आठ दिवसांसाठी.
मी तेव्हा चौथीत होते.
भाडं कधी दिलं नाही त्याने, आम्ही मागितलंही नाही.
आमच्या नात्यातला नाही, जातीतला नाही,
आई त्याच्याशी कानडीत भांडते, तो तेलुगूत ऐकून घेतो.
आमच्या डब्यातली शेंगाचटणी संपते ती त्याच्यामुळे.
पाच दिवसांनी रात्री तीनला नळ येतो
तेव्हा आख्ख्या बोळात पहिला उठतो तो.
आम्हाला जाग येते तोवर
हंडे भरलेले असतात, आणि ओसरीवर ओल.
जनगणनेची बाई विचारत होती, हे तुमचे कोण?
आई म्हणाली, आहेत.
बाईने काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

‘इतर’ला गोल केला.
खाली छापलंय, स्पष्ट करा.
पुढे अर्धी ओळ जागा.

मॅडम चप्पल घालून दारात उभ्या आहेत, किल्ली वाजवताहेत.
नखात नीलव्वाच्या रानाची माती अडकलीय,
खरवडली तरी कडेला रेघ राहतेच.
आज पाणी आहे.
हंडे घासून पालथे घातले असतील त्याने.