गाडी डावीकडे ओढते

टिपरची सीट मी सोडवून आणली
तो भंगारात जायच्या आदल्या दिवशी.
एकोणीस वर्षं तिच्यावर बसून
डोंगर उतरवला खाली, बार्जांपर्यंत.
फोममध्ये माझ्या पाठीचा खड्डा आहे,
तो कुणाला विकणार?

बाकी सगळं इथलं तिथलं.
पुढचं चाक फिलूच्या मुलाने टाकलेल्या सायकलचं,
मागची दोन अस्नोड्याच्या एका भाजीवालीच्या गाड्याची,
बॅटरी म्हापशाहून, हप्त्यावर.
रंग बार्जचा उरलेला, तांबडा;
डबा उघडला तर वर जाड साय.
ती काढायला रोहिदासने घरातला झारा आणला
आणि वहिनीने तो परत घेतला नाही.

दोन चाकांवर मला आता तोल धरवत नाही.
कान आतून बिघडलाय, डॉक्टर म्हणाला, डावा.
वळणावर जमीन किंचित उशिरा येते.
"म्हणून तीन," मी सांगितलं.
"मग चार का नकोत?" जुझे.
चार म्हणजे कार झाली, पात्रांव,
चाराला लायसन, विमा,
आणि लग्नाला न्या म्हणणारे नातेवाईक.

मोटर अडीचशे वॉटची.
त्याच्यावर गेलं की नंबरप्लेट मागतात.
ती फिरवते एकच चाक, उजवं,
म्हणून गाडी डावीकडे ओढते.
डिफरन्शियल घाल, म्हणतो शाणू,
जसं काही ते घोटाच्या झाडाला लागतं.
मी हँडल उजवीकडे दाबून धरतो.
आम्ही दोघं एकाच बाजूचे आजारी.

रविवारी शेडमध्ये सगळे जमतात.
जुझेच्या गाडीला दोन चाकं पुढे, एक मागे,
शाणूच्या गाडीवर मासळीबाजारातली छत्री,
फिलूच्या मागे बापाचा पावाचा टोपला, झाकणासकट.
रोहिदासकडे गाडी नाही. तो हिशेबनीस.

डिचोलीहून पोळ्यापर्यंत.
कॅलेंडरच्या पाठीवर रस्ता काढलाय पेन्सिलने,
उसगाव, फोंडा, बोरीचा पूल, केपे,
बाळ्ळीपाशी पेन्सिलचं टोक मोडलं.
फोंड्याला चार्जिंग शाणूच्या मेव्हण्याच्या गिरणीत,
दळण चालू असलं तर थांबायचं.
केप्याला जुझेची मावशी.
तिच्याकडे मोकळं सॉकेट एकच, त्यात फ्रिज,
फ्रिजमध्ये इसवण.
यावर पाऊण तास गेला.

मग कुणीतरी म्हणालं, आणि करमल घाट?

करमल अडीचशे वॉटला दाद देत नाही.
माणूस, बॅटरी, पाण्याचा कॅन, टोपला,
पहिल्याच वळणावर मोटर मान टाकणार.
शाणूने मोठ्या मोटरचं नाव काढलं,
जुझेने पोलिसाचं.
फिलू चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाली,
ढकलायचं.
सगळ्यांनी मिळून एक वर न्यायची,
चालत खाली यायचं, दुसरी न्यायची.

रोहिदासने खिळ्याने जमिनीवर मांडलं:
गाड्या चार. चार चढण्या, तीन उतरण्या.
"म्हणजे करमल घाट सात वेळा," तो म्हणाला,
"पायी."
कुणी हसलं नाही.
जुझेने विडी पेटवली, विझवली.
"उतरताना याला मधे घ्या,"
फिलू माझ्याकडे न बघता म्हणाली.

त्या रात्री मी एकटाच निघालो,
खाणीच्या जुन्या रस्त्यावर.
इथे टिपरांची रांग लागायची पहाटेपासून,
आता मधोमध गवत, गुडघ्याइतकं.
दिव्यात दिसलं तेवढंच खरं मानून चाललो.
सीट ओळखीची. आवाज नाही.
गाडी डावीकडे, मी उजवीकडे,
असं भांडत आम्ही वजनकाट्यापर्यंत गेलो
आणि परत आलो.
तळहाताला फोड आला, एकच, उजव्या.

दसरा झाला की सोमवारी निघायचं.
यादीत अजून सुंभ, दोन ट्यूब, मेणबत्त्या,
मावशीसाठी बर्फ.
हॉर्न कुठाय, फिलूने विचारलं.

टिपरचा होता. भंगारातच सोडला.
तो वाजला की शाळेतली पोरं
कुंपणाला पाठ लावून उभी राहायची,
डोळे मिटून, धूळ जाईपर्यंत.

घंटी बघतो एखादी, मी म्हटलं.
पोराच्या सायकलची असेल तर दे.