फक्त पेन्सिल

दर गुरुवारी नऊ चाळीसची बस.
रेडरूथला उतरायचं,
कोट, छत्री, पेन कपाटात कुलूपबंद करायचं.
आत फक्त पेन्सिल.
टेबलावर उशी, उशीवर वही,
तापानं फणफणलेल्या माणसासारखी निजवलेली.
पानं मिटू नयेत म्हणून वर
शिशाच्या मण्यांची माळ.

अकरा वर्षं मी लव्हडे स्पार्गोच्या मागावर आहे.
आईच्या आईच्या आईची आई,
की मध्ये आणखी एक आई राहिलीय?
खाणीच्या तोंडाशी बसून ती हातोड्यानं कथिलाचे दगड फोडायची
असं मेलियोरा मावशी सांगायची,
आणि मावशी तर वाऱ्याची दिशासुद्धा
वाढवून सांगायची.

एक्केचाळीसच्या खानेसुमारीत वय वीस.
त्या साली मोठ्यांची वयं पाचाच्या पाढ्यात बसवत,
तेव्हा वीस असेल, नाहीतर चोवीस.
एक्कावन्नमध्ये घर आहे, भाऊ पास्को आहे,
एक शिंपी भाडेकरू आहे,
ती नाही.
एकसष्टमध्ये विधवा, वय बत्तीस.
वीस वर्षांत बाई बारा वर्षांनी मोठी झाली.
नवरा कोण, कुठे पुरला, पत्ता नाही,
सहा गावांची दफनं चाळली मी.
आडनाव कुठे स्पार्गो, कुठे स्पारगा, एकदा तर स्पॅरो:
लिहिणाऱ्याच्या कानाला जे लागलं ते.
दारात वारा असेल, चुलीवर काही उतू जात असेल,
म्हणाली असेल, लिहा हो काहीतरी.

गेल्या गुरुवारी बाप्तिस्मा सापडला.
अठराशे सोळा. पाद्र्याचं किरटं अक्षर,
लव्हडे, हॅनिबल आणि ग्रेस यांची मुलगी.
मी ओठ मिटून ओरडले.
पलीकडे खाणींचे नकाशे बघणाऱ्या म्हाताऱ्यानं
अंगठा वर केला.

सवय म्हणून दफनांची वही मागवली.
लव्हडे स्पार्गो, वय चार. मार्च, अठराशे वीस.
कशानं, ते लिहायला रकानाच नव्हता.
मग नोव्हेंबर, पुन्हा पहिली वही:
लव्हडे, हॅनिबल आणि ग्रेस यांची मुलगी.

म्हणजे मार्चात मातीवर उभ्या ग्रेसच्या पोटात
दुसरी आलेली असणार,
तिचं तिलाही नीट ठाऊक नसेल.
आणि नाव? नाव घरात होतंच, रिकामं.
चांगला झगा कोणी फेकून देत नाही,
खालचीला घालतात.

माझी ती ही खालची.
वरचीचा मला काही उपयोग नाही.
ती कोणाची आजी नाही, पणजी नाही,
तिच्यापासून एकही नाक, एकही गुडघेदुखी
आमच्यापर्यंत आली नाही.
मी तिला शोधतही नव्हते.

घरी वंशावळ भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठीवर काढलीय,
उलगडली की स्वयंपाकघरातून जिन्यापर्यंत जाते.
सगळी नावं पेन्सिलीत,
कारण खोडावी लागतात.
हॅनिबल-ग्रेसच्या खाली डावीकडे
बोटभर रेघ ओढली, पुढे कुठेही न जाणारी,
आणि कपाटातून परत आणलेलं पेन काढून
तिचं नाव शाईनं लिहिलं, वय चार.
टिपकागद नव्हता. फुंकर घातली.

दुसरी अजून एक्कावन्नमध्ये सापडत नाही.
पुढच्या गुरुवारी फॅल्मथहून सुटलेली जहाजं बघते.