उरलेले फोटो

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत,
झेरॉक्सच्या उष्ण वासानं कोंदलेल्या टायपिंग सेंटरमध्ये
कुंजुमोन विचारतो, नवऱ्याचं मधलं नाव?
मागसिनो, मी सांगते.
म्हणजे बापाचं?
नाही, आईचं माहेरचं आडनाव. त्यांच्यात तसं असतं.
तो माझा पासपोर्ट उलगडतो: हेमांगी रघुवीर खरवते.
आणि हे रघुवीर?
बापाचं नाव. आमच्यात असं असतं.
तो चष्मा पुसतो. रकाने खालीवर आहेत.
कधीही न भेटलेले,
रोडेलच्या आईचं माहेर आणि माझे बाबा
एकाखाली एक बसून राहतात.
विहीण-व्याह्यांची झाली ती एवढीच बैठक.

बाबा लग्नाला आले नव्हते.
लग्न म्हणजे रत्नागिरीच्या कचेरीत तीस दिवस नोटीस,
बोर्डावर, जुन्या जीपच्या लिलावाशेजारी.
कचेरीत आक्षेप कुणी नोंदवला नाही.
घरी सगळ्यांनी. तोंडी.

त्याआधी रोडेलनं इलोइलोहून दाखला आणला होता
की या माणसाचं लग्न झालेलं नाही.
त्यानंतर आम्ही दाखला काढला
की झालं आहे.
त्याच्या पाठीवर मुंबई, दिल्ली, वकिलात, इथलं मंत्रालय.
पाठ संपली तेव्हा एकानं कागद जोडला
आणि जोडावरही शिक्का मारला.
आमचं लग्न नक्की कुठल्या शिक्क्याला लागलं
मला विचारू नका.

आक्का फोनवर विचारते, परवडतं का गं हे?
मी वही काढते.
दाखल्याचा अरबी तर्जुमा, इतके दिरहम.
भाडेकरार, इतके.
त्याची कंपनी बुडाली, त्यानंतरचा दंड, दिवसाच्या हिशेबानं.
रक्त तपासलं. छातीचा फोटो काढला,
आणि त्यात काही सापडलं नाही
असं लिहून घ्यायचेही पैसे.
मग सोळा महिने तो तिकडे, मी इकडे.
हे कुठल्या खात्याला घालू, आक्का?
ती म्हणते, तिकडे किती वाजले गं, जेवलीस का.

आणि हे सगळं दोन वर्षांपुरतं.
नोकरी गेली की मी जाणार, मी गेले की तो.
त्याच्या गावात मी पाहुणी, माझ्या गावात तो.
दोघंही सारखेच परके असू
अशी ही एकच जागा सापडली,
तीही भाड्याची.

परवा कुंजुमोननं घाईत
रोडेलच्या व्यवसायाच्या रकान्यात गृहिणी टाकलं.
बदलायला पुन्हा पैसे, पुन्हा टोकन.
रोडेल म्हणाला, राहू दे.
त्या रात्री चिंच संपली होती म्हणून
त्यानं आमसुलं घालून सिनिगांग केलं, कोळंबीचं.
लालभडक झालं. चुकलंच जरा.
दोन-दोन वाट्या प्यायलो.

फोटोवाला आठ देतो, लागतात पाच.
उरलेले बिस्किटांच्या डब्यात.
मागे पांढरं, कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही.
काल रात्री डबा पालथा केला.
नऊ वर्षांतला तो, नऊ वर्षांतली मी,
प्रत्येक फोटोत एकेकटे.
त्याचे केस मागे मागे चाललेले,
माझ्या डोळ्यांखाली काहीतरी साठत आलेलं.
जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत बसले,
त्या सालचा तो, त्या सालची मी.
दोन सालं जुळेनात. तेव्हा मी एकटीच होते,
किंवा तो.

तो पाणी प्यायला उठला,
टेबलाशी थांबला, डोळे अर्धे मिटलेले.
झोपेतच विचारलं, कितवा नंबर चालू आहे?
म्हटलं, आपला यायचाय अजून.
बस जरा.